जीपच्या एक्सलला दंड, ट्रॉलीच्या एक्सलला सलाम

मंडळी, पोस्ट मोठी आहे. आधीच सांगतो, म्हणजे नंतर "जरा थोडक्यात लिहा की" असा फोन नको. थोडक्यात लिहिल्यामुळंच हा घोळ झालाय, आणि घोळ करणाऱ्यांत पहिला नंबर माझाच आहे.

पंधरा दिवसांमागं आमच्या पेपरात चार कॉलमी बातमी लागली. 'बेकायदा जीप जप्त. तरुणांचा जीवघेणा छंद'. ती बातमी माझी, हेडिंगही माझंच. प्रेसनोट आली, फोटो आला, तासाभरात कॉपी सोडली आणि जेवायला घरी गेलो. ज्याची जीप जप्त झाली त्याला एक फोन करावा, एवढंही सुचलं नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं, दुसऱ्या बाजूला विचारा. नवीन पोरांना मी स्वतः हेच सांगत असतो. असो.

तिसऱ्या दिवशी तो पोरगा ऑफिसात आला. मला वाटलं भांडायला आलाय, म्हणून आधीच चहा सांगितला. तो भांडला नाही. दोनशे पानी वही टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दादा, बातमी लिवलासा त्याचं काय न्हाई. पण एकदा गाडी बघाय तरी यायचं हुतं."

वही उघडून बघितली. तारीख, कुठल्या जागी वेल्डिंग, कुठला रॉड, किती ॲम्पिअर, आधी किती तापवलं, किती वेळात थंड केलं. पानोपानी. मधे मधे लाल पेनानं 'चूक' असं लिहिलेलं. आपल्या तालुक्यात सरकारी पुलाच्या बांधकामाची इतकी नीट नोंदवही मी बघितलेली नाही, आणि पुलांच्या बातम्या मी भरपूर केल्यात.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. घरामागं पत्र्याची शेड. पोरगा मेकॅनिकल डिप्लोमा, एमआयडीसीतल्या फौंड्रीत शिफ्टला जातो. जीप तर कार्यालयाच्या आवारात धूळ खात पडलेली. पण शेडच्या कोपऱ्यात एक जुनं एक्सल पडलं होतं आणि त्याच्यावर खडूनं एक गोल केलेला. म्हटलं हे काय? म्हणाला, "ही माझी पहिली चूक. टाकून दिली न्हाई. रोज दिसली पायजे."

आता जरा एक्सलचं सांगतो, कारण हे कळल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

जुन्या विलीजच्या वंशातल्या जीपचं मागचं एक्सल बघा. मधे एक ओतीव गोळा, त्यात क्राउन आणि पिनियन फिरतात. गोळ्याच्या दोन्ही अंगांना पोलादी पाइप दाबून बसवलेले आणि भोकांतून वेल्डिंग भरून पक्के केलेले. चाकाला फिरवणारा दांडा या पाइपच्या आतून जातो. डांबरी रस्त्याला आणि शेताच्या वाटेला एवढं पुरतं. पण मोठे टायर चढवले आणि गाडी ओढ्यातल्या दगडांवर घातली, की सगळा पीळ त्या जोडावर येतो. जोड सुटतो आणि पाइप गोळ्यातल्या गोळ्यात फिरतो. म्हणून हे छंदी लोक तो जोड चारी बाजूंनी वेल्ड करतात आणि एक्सलच्या पाठीवर पुलाच्या कैचीसारखी पट्टी बसवतात, ट्रस म्हणतात तिला.

ऐकायला सोपं. पण पाइप पोलादाचा आणि गोळा बिडाच्या जातीचा. साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आत, बिडात तीन टक्क्यांच्या वर. बिडाला थंडपणी रॉड लावला की टाक्याशेजारचा भाग झटक्यात तापतो, झटक्यात थंड होतो आणि काचेसारखा ठिसूळ बनतो. पोरानं पहिल्या वेळी तेच केलं होतं. गेटला, ग्रिलला वापरतो तो साधा 6013 चा रॉड घेतला आणि थंड लोखंडावर ओढला. टाका दिसायला झकास. रात्री जेवताना शेडमधून 'टिंग' असा आवाज आला. सकाळी बघतो तर टाक्याच्या कडेनं केसाएवढी भेग. खडूचा गोल त्या भेगेभोवती आहे.

दुसऱ्या एक्सलला त्यानं काय केलं ते वहीत आहे. सगळं उघडलं, बेअरिंग, सील, क्राउन, सगळं बाहेर. बिडात वर्षानुवर्षं मुरलेलं तेल जाळून काढलं. गोळा गॅसवर हळूहळू दोनशे-अडीचशे डिग्रीपर्यंत तापवला. ठराविक तापमानाला वितळणारा खडू मिळतो, तो लावून खात्री केली. निकेलचा रॉड वापरला. महाग असतो, पण बिडाबरोबर तो लवचीक राहतो. एका वेळी इंचभर टाका, मग समोरच्या बाजूला इंचभर, प्रत्येक टाक्यावर गरम असतानाच छोट्या हातोडीचे हलके ठोके. शेवटी सगळा गोळा चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवला, रात्रभर. आमच्या आज्या ऊन दुधाला विरजण लावून टोपल्याखाली ठेवायच्या तसं.

ट्रसचा तर वेगळाच इतिहास. वेल्डिंग थंड होताना आकसतं. एक्सलच्या पाठीवर टाके मारले की पाठ आकसते आणि दोन्ही टोकं वर उचलली जातात. डोळ्याला दिसत नाही. पण दोन मिलिमीटरनं जरी वाकलं तरी आतला दांडा तिरका फिरणार, बेअरिंग खाणार, सील गळणार आणि एक दिवस ऐन वळणावर चाक बोलणार. यानं लेथवर बेअरिंगच्या जागी बसणाऱ्या डमी कड्या कातून घेतल्या, त्यातून एक सरळ घासलेला गज आरपार घातला आणि टाके मारता मारता तो गज अडतोय का हे तपासत गेला. अडला की थांबायचं, उलट्या बाजूनं तापवून सरळ करायचं. या एका कामाला त्याचे अकरा रविवार गेले.

पोलाद-पोलादाच्या जोडांना त्यानं 7018 चा रॉड वापरला. हा रॉड ओल धरतो. आपल्याकडच्या दुकानात पाकीट फोडून पावसाळाभर उघडं पडलेलं असतं. ओलीतला हायड्रोजन टाक्यात शिरतो आणि टाका लगेच फुटत नाही, दोन दिवसांनी आतून फुटतो. म्हणून यानं फौंड्रीतल्या साहेबांना विचारून तिथल्या ओव्हनमध्ये रॉड तीनशे डिग्रीच्या वर भाजून घेतले आणि डब्यात गरम ठेवून वापरले. टाके मारल्यावर दोन दिवस थांबून लाल रंगाची तपासणी केली. लाल द्रव फवारायचा, पुसायचा, वरनं पांढरा फवारा मारायचा. भेग असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तीन डबे लागतात, बस्स. लॅब नको, इंजिनिअर नको.

एवढं करून जीप रस्त्यावर आणली आणि पहिल्याच नाक्यावर गाडी जप्त. आणि दुसऱ्या दिवशी आमच्यासारखा एक शहाणा लिहितो, 'जीवघेणा छंद'.

थांबा. लगेच त्या पोराच्या बाजूनं टाळ्या पिटू नका. मी त्याला निर्दोष म्हणत नाही. परवानगीशिवाय बदललेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे आणि तो त्यानं केलाय, हे त्यालाही मान्य आहे. शिवाय त्याच्यासारखे दहात एक. बाकीच्या नऊ जणांना आता जरा बोलतो, कारण त्यांच्यातले निम्मे माझ्या ओळखीचे आहेत आणि हे वाचणार आहेत.

भावांनो, या आठ दिवसांत मी तुमच्या शेड बघितल्या. एकानं एक्सल लांब करायला पाण्याच्या लाइनचा जीआय पाइप जोडला होता. अरे, तो शिवणीचा पाइप, नळाला येतो तो! त्याच्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर येतो त्यानं रात्री थंडी वाजून ताप भरतो हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं, त्याला वाटलं मलेरिया. दुसऱ्यानं चाकाला फिरवणारा दांडाच मधे कापून वेल्ड केलेला. त्या दांड्याला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेनं ते पाणी उतरतं. तिथंच तो पिळून तुटणार, आज नाही तर पुढच्या अमावास्येला. तिसऱ्यानं डिफरन्शियलचे आतले गिअर एकमेकांना वेल्ड करून टाकले आणि अभिमानानं सांगतो, "दोन्ही चाकं एकदम फिरत्यात!" चिखलात फिरतात रे. डांबरी वळणावर आतल्या चाकाला कमी आणि बाहेरच्या चाकाला जास्त फिरायचं असतं, त्याचीच वाट तू बंद केलीस. चौथा गाडीवरच वेल्डिंग करतो, अर्थिंगचा चिमटा दुसऱ्या टोकाला लावून, म्हणजे सगळा करंट बेअरिंगमधून. टायर पस्तीस इंची आणि ब्रेक मूळचेच. आणि या सगळ्या गाड्या पन्हाळ्याच्या, गगनबावड्याच्या घाटात पावसात फिरतात, समोरून एसटी येते, तिच्यात आपलीच माणसं असतात.

तुमच्या हौसेला माझा विरोध नाही. हा पट्टाच हौशी कारागिरांचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं घेतल्याशिवाय कोल्हापूरच्या उद्यमनगरची गोष्ट सुरूच होत नाही. ही माणसं कोणाला विचारून लोखंडाला हात लावत नव्हती. पण हात लावण्याआधी ती लोखंडाला विचारत होती. तेवढं तुम्ही विसरलात.

झालं तुमचं. आता ज्यांनी जीप जप्त केली त्यांच्याकडं वळतो.

आमच्या मावशीचा मुलगा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. दोन हंगामांमागं फेब्रुवारीत रात्री दहाला मोटरसायकलवरून घरी येत होता. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. उतारावर मागच्या ट्रॉलीचं एक्सल मोडलं, ट्रॉली कलंडली आणि ऊस त्याच्या अंगावर. मांडीत आज रॉड आहे, तीन ऑपरेशनं झाली. दूध संस्थेत उभ्यानं काम होतं, ते गेलं. मावशी अजून हंगाम सुरू झाला की संध्याकाळी सातनंतर कुणाला घराबाहेर सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या जागेवर गेलो होतो, पत्रकार म्हणून नाही, भाऊ म्हणून. मोडलेलं एक्सल रस्त्याकडंला पडलेलं. चौकोनी गजाला टोकाचा तुकडा वेल्ड केलेला, तो वेल्डिंगलाच तुटला होता. तुटलेल्या तोंडाकडं बघितलं तर निम्म्याहून जास्त भाग काळा, गंजलेला, आणि उरलेली कड तेवढी चकचकीत. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. परवा या पोराच्या शेडमध्ये त्याला मोबाइलमधला तो जुना फोटो दाखवला. तो दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, ही भेग त्या रात्रीची न्हाई. काळं झालंय तेवढं आधीच फुटलं हुतं. लई दिस. हे एक्सल उरलेल्या कडेवर चाललं हुतं."

पंचनाम्यात काय लिहिलंय ठाऊक आहे? 'चालकाचा ताबा सुटल्याने.' एक्सलबद्दल अक्षर नाही. आणि माझ्याच पेपरात काय आलं? 'उसाची ट्रॉली उलटून एक जखमी', सहा ओळी, पान चारला, खालच्या बाजूला. त्या सहा ओळीही मीच लिहिल्या.

म्हणजे बघा. ज्या एक्सलनं कुणाला ओरखडा काढला नाही त्याला चार कॉलम आणि जप्ती. ज्या एक्सलनं माझा भाऊ आयुष्यभरासाठी लंगडा केला त्याला सहा ओळी. ट्रॉली आठ दिवसांत दुरुस्त होऊन परत फडात. दुरुस्त म्हणजे काय, तर त्याच जागी पुन्हा टाका.

कुणी म्हणेल ट्रॉलीला हा कायदा लागत नसेल. लागतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 2 मधली अठ्ठावीसावी व्याख्या काढून वाचा, मोटार वाहनात ट्रेलर येतो असं स्वच्छ लिहिलंय. कलम 52 सांगतं, कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकानं करायचा नाही. 9 जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 182-अ आलं: परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घ्या. जास्तीचा भार असेल तर कलम 194 नुसार 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. ही कलमं जीपला एक आणि ट्रॉलीला एक अशी छापलेली नाहीत. दिवाळीनंतर कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला रात्री उभं राहा आणि मोजा, 194 खाली किती पावत्या फाटायला हव्यात ते. तिजोरी भरून वाहील.

मग फाटत का नाहीत? हे मी लिहायला पाहिजे का? वाहतूकदार कुणाचे, मुकादम कुणाचे, कारखाना कुणाचा आणि निवडणुकीत गाड्या कुणाच्या हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. जीपवाल्या पोराच्या मागं कोण आहे? त्याची आई. ती अंगणवाडीत मदतनीस आहे.

दरवर्षी हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघते. साहेब ट्रॉलीला लाल पट्टी चिकटवतात, फोटो येतो, आम्ही छापतो. चांगलं आहे, पट्टी पाहिजेच, अंधारात ट्रॉली दिसली पाहिजे. पण पट्टी चिकटवायला साहेब ज्या ट्रॉलीशी वाकतात त्याच ट्रॉलीखाली आणखी हातभर वाकून एक्सल बघत नाहीत. पट्टीनं ट्रॉली दिसते. मोडायची थांबत नाही.

आता एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाही खरं तर. साखर कारखान्यात बॉयलर असतो. त्याच्या दाबाखालच्या भागाला वेल्डिंग करायचं तर कुणीही उठून करू शकत नाही. इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, 1950 आहेत. वेल्डरची परीक्षा होते, त्याचे टाके तोडून, तपासून बघतात, तेव्हा त्याला दाखला मिळतो. का? कारण बॉयलर फुटला तर माणसं मरतात, हे कुणाला पटवून सांगावं लागत नाही. त्याच कारखान्याच्या गेटबाहेर दोनशे मीटरवर, लिंबाच्या झाडाखाली, एक मिस्त्री काळा चष्माही न लावता ट्रॉलीच्या एक्सलला टाका मारत असतो. त्याच्यावर दहा टनांचं ओझं येणार, आणि ते ओझं शाळेसमोरून, दवाखान्यासमोरून जाणार. त्या मिस्त्रीला दाखला सोडा, रॉड कुठला वापरलास एवढं विचारणारासुद्धा कुणी नाही. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला रात्रीच्या दोनशे-तीनशे रुपयांत ट्रॉली सकाळपर्यंत उभी करून द्यायचीय. राग आहे तो लोखंडाला कुंपणाच्या आत एक धर्म आणि बाहेर दुसरा धर्म लावणाऱ्यांवर.

माझ्या एका आरटीओतल्या मित्राला (नाव विचारू नका) हे सगळं बोललो. तो म्हणाला, तुझं खरं आहे, पण त्या पोराची जीप मी सोडली आणि उद्या तिचं चाक निघालं तर माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, ट्रॉलीचं चाक निघालं तेव्हा कुणाची गेली? तो हसला. वाईट माणूस नाही तो. पण त्याच्या बोलण्यातला एक मुद्दा मी मान्य करतो: त्या पोराचं वेल्डिंग चांगलं आहे हे तपासायला त्याच्याकडं काहीच नाही. ना यंत्र, ना माणूस, ना फॉर्म. कायद्यात दिव्यांगांसाठी गाडी बदलायची वाट आहे, सीएनजी किटची आहे. घरी एक्सल मजबूत करून आणणाऱ्या माणसाला मात्र 'तपासा आणि नापास करा' असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. नापास व्हायचा तरी हक्क द्या!

बाहेर काय करतात? ब्रिटनमध्ये 2025 पर्यंत बदललेल्या गाडीला गुण द्यायचे. मूळ चेसिस न कापता राखली तर 5, सस्पेन्शनचे 2, दोन्ही एक्सलचे 2, ट्रान्समिशनचे 2, स्टिअरिंगचे 2, इंजिनाचा 1. आठ गुण झाले, आणि त्यात चेसिसचे पाच असले, तर गाडीची जुनी ओळख राहायची. नाही झाले तर एकट्या गाडीची म्हणून असलेली वेगळी तपासणी द्यायची आणि नवा नंबर घ्यायचा. जर्मनीत तपासनीस एकेका गाडीचा बदल बघून कागदावर चढवतो. तिथले नियम आपल्यापेक्षा ढिले नाहीत, उलट चोख आहेत. फरक एवढाच, तिथं दाराला कडी आहे आणि दार उघडतंही. आपल्याकडं नुसती भिंत. भिंतीमुळं काय झालं? चांगलं काम करणारा आणि जीआय पाइप जोडणारा दोघंही एकाच अंधाऱ्या शेडमध्ये लपले. कुणी कुणाकडून शिकत नाही, कुणी कुणाला टोकत नाही. गोव्यात 2014 पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज भरतं, जंगलातल्या चिखलात या गाड्या पळतात, त्याचे फोटो आपण कौतुकानं शेअर करतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या कारागिरानं भंगारातून चारचाकी बनवली तेव्हा 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी ट्विट केलं आणि नंतर त्याला नवी बोलेरो दिली, तेव्हा आपण सगळे नाचलो, मी तर पान एकला घेतली होती ती बातमी. महिंद्रांनी त्याच वेळी म्हटलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही. तो नियमांचा भाग आपण कुणीच पुढं नेला नाही.

आणि सोय नाही म्हणून कुणी सांगू नका. वाहनं तपासणाऱ्या देशातल्या मोठ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यात टेकडीवर, सीआयआरटी पुण्यात, व्हीआरडीई नगरला. तिन्ही महाराष्ट्रात. पण त्यांचं दार कंपन्यांसाठी. दहा हजार गाड्या काढणाऱ्याला नमुना पास करून मिळतो, एक गाडी करणाऱ्यानं कुठं जायचं?

माझं मागणं फार नाही. पहिलं ट्रॉलीचं. हंगामाआधी, गव्हाणीला पहिली मोळी पडायच्या आत, कारखान्याशी करार झालेल्या प्रत्येक ट्रॉलीच्या एक्सलची लाल रंगानं तपासणी करा. खर्च कारखान्याचा, कारण ऊस त्यांचा. भेग दिसली की ट्रॉली बाजूला, नवा गज, आणि टाका मारणाऱ्या मिस्त्रीचा नंबर एक्सलवर ठोकलेला. प्रत्येक तालुक्याला आयटीआय आहे, वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, तिथल्या मास्तरांना बोलवा. ही पोरं शिकून बाहेर पडतात आणि ग्रिल करत बसतात. त्यांना हे काम द्या. दुसरं जीपचं. एक्सल, ब्रेक, स्टिअरिंग बदललेली एकटी गाडी तपासायची सोय जिल्ह्यात एका ठिकाणी करा, फी घ्या, दोन हजार घ्या, पाच घ्या, पण बघा आणि लेखी हो किंवा नाही म्हणा. त्यासाठी नियमांत दुरुस्ती लागेल हे मला ठाऊक आहे. आमदारसाहेबांना आणि खासदारसाहेबांना निवडून देतो ते वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी नव्हे.

एक जण परवा म्हणाला, ट्रॉल्या तपासल्या तर शेतकऱ्याच्या पोटावर पाय येईल. ऊस वेळेत जाणार नाही, वजन घटेल. मी शेतकऱ्याच्याच घरातला आहे, आमचाही अडीच एकर ऊस जातो, तोड लांबली की काय होतं ते मला शिकवू नका. पण त्या ट्रॉलीखाली सापडलेला माझा भाऊही शेतकरीच होता. तपासणीला एका ट्रॉलीमागं अर्धा तास लागतो. गव्हाणीच्या नंबरात ट्रॉल्या सात-सात तास उभ्या असतात, तेव्हा वजन घटत नाही होय?

पोराच्या जीपचं काय झालं, तर ती अजून आवारात आहे. दंड तो भरणार आहे, प्रत्येक बदलाचा, मोजून. वहीतली पानं मोजली तर बदल नऊ होतात, पंचेचाळीस हजार. पगार बावीस हजार. मी त्याला म्हटलं, वकील बघूया. तो म्हणाला, "चूक झाली ती झाली, दंड भरतो. पण साहेबांनी एकदा एक्सल खालनं बघावं, आणि कुठला टाका वाईट हाय ते सांगावं. मी तो मोडून परत करतो."

त्याच्या बातमीची दुरुस्ती उद्याच्या अंकात देतोय. संपादकांनी दोन कॉलम दिलेत, मी तीन मागितलेत, बघू.

येत्या सोमवारी सकाळी अकराला आरटीओ कार्यालयात निवेदन द्यायला जातोय. मावशीचा मुलगा येतोय, काठी घेऊन. पोरगा रात्रपाळी करून येणार आहे, वही घेऊन. मोडलेल्या एक्सलचा तो फोटो मी मोठा करून घेतलाय, टेबलावर ठेवायला. ज्यांच्या घरात ट्रॉलीमुळं काही घडलंय त्यांनी पंचनाम्याची प्रत घेऊन यावी. ट्रॉलीवाल्यांनीही यावं, कारण एक्सल मोडतं तेव्हा ट्रॅक्टरवर तेच बसलेले असतात. मिस्त्री मंडळींना खास आमंत्रण. चहा माझ्याकडून.